तिसरा रकाना

बसा. दिवा मंद आहे, पण तो तसाच राहू द्या. आतल्या खोलीत उजेड गेलेला माझ्या बायकोला सध्या चालत नाही. आर्किटेक्ट बाईंचं काम कसं आहे, एवढंच विचारायला तुम्ही दोघं आलात. कोणाच्या हाती घर सोपवण्याआधी चार ठिकाणी चौकशी करावी, हे शहाणपणाचंच आहे. मीही केली होती. उत्तर एका वाक्यात देता येईल : बाई कामाला चोख आहेत. पण मग तुम्ही विचारणार, एवढ्या चोख आहेत तर तुमचं घर अजून होतं तसंच कसं, आणि ती मधली भिंत अजून जागेवर कशी? तेव्हा जरा वेळ काढा. चहा मीच करून आणला असता, पण आत भांड्यांचा आवाज नको.

मी वजनं-मापं तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू आणि मीटरपट्ट्या तपासत हिंडलो. मला लांबून बघितलं तरी दुकानदारांची तोंडं आंबट व्हायची, आणि खरं सांगतो, मला त्यात मजा यायची. घरीही तोच खाक्या. बायको म्हणायची, "ह्यांना कोणी प्रेमाने काही दिलं तरी आधी मापून बघतील आणि मग थँक्यू म्हणतील."

आम्हाला एकच मुलगी. वर्गातली सगळ्यांत ठेंगणी, म्हणून मी तिला बुटकी म्हणायचो. ती चिडायची, टाचा उंच करून भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "आता मोजा ना बाबा, आता मोजा!" सात वर्षांची असताना तिला ताप आला. आठ दिवस वॉर्डात होती. नवव्या दिवशी आम्ही दोघंच घरी आलो.

त्यानंतर बायकोने मुलीच्या खोलीला बाहेरून कडी घातली. त्या दारासमोरून जाताना ती मान दुसरीकडे वळवायची. माझ्याशी बोलणं म्हणजे दूध संपलंय, दिव्याचं बिल आलंय, एवढंच. भांडणसुद्धा नाही. चार वर्षं आम्ही एकाच छपराखाली दोन भाडेकरूंसारखे राहिलो. शेवटी माझ्या डोक्याने घेतलं की सगळ्या दुखण्याचं मूळ ती बंद खोली आहे. मधली भिंत पाडावी, खोली बैठकीत मिळवून टाकावी, मोठी खिडकी काढावी, वारा खेळू द्यावा. मला माझी बायको परत हवी होती हो. दुसरं काही नको होतं. तिला विचारलं तर म्हणाली, "करा काय करायचं ते." तिने एवढं म्हटलं तरी मला पुरे होतं.

मग आर्किटेक्ट शोधायला निघालो. पहिला होता त्याचं काचेचं ऑफिस. त्याने पडद्यावर आमचं भावी घर दाखवलं. त्यात एक उंच बाई हातात कप घेऊन खिडकीत उभी होती आणि पायाशी झुपकेदार कुत्रं. मी म्हटलं, "ही बाई कोण? आणि आमच्याकडे कुत्रं नाही." तो हसला, मी उठलो. दुसरा प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा. त्याची कापडी टेप मी माझ्या पोलादी पट्टीला लावून बघितली, तर तीन फुटांत पाव इंच खोटी. तसं सांगितल्यावर साहेबांना एकदम दुसरं काम आठवलं.

तिसऱ्या ह्या बाई. मागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली, एक मोठं टेबल, चष्मा दोरीने गळ्यात. पन्नाशीच्या असतील. मी खिशात हात घालायच्या आतच त्यांनी आपली पोलादी टेप टेबलावर उलगडली आणि म्हणाल्या, "तुम्ही इन्स्पेक्टर ना? तपासून घ्या, मग बोलू." केसाचा फरक नव्हता. माझी निवड तिथेच झाली.

त्यांची कामाची एक पद्धत आहे, ती तुम्हालाही लागू होईल म्हणून सांगतो. त्या घराआधी माणसं मोजतात. उंची, कोपर जमिनीपासून किती, हात वर केला की कुठवर पोहोचतो, बसल्यावर डोळे कुठे येतात. म्हणतात, "ओटा कोपराखाली चार बोटं हवा, खिडकी बसलेल्या डोळ्यांना हवी. भिंतींचं नंतर बघू." माझी मापं त्यांनी ऑफिसातच घेतली. बायकोची आणि घराची घ्यायला एका मंगळवारी दुपारी घरी गेल्या. मी ड्यूटीवर होतो.

आठ दिवसांनी त्यांनी मापांचा तक्ता पाठवला. मी तो जेवणाच्या सुट्टीत, कचेरीच्या जिन्यात उभं राहून उघडला. पहिला रकाना माझा. दुसरा बायकोचा. तिसऱ्यावर लिहिलं होतं : मुलगी. उंची चार फूट साडेपाच इंच. त्याखाली बारीक अक्षरात, 'टाचा उचलते, तीनदा माप घेतलं.'

तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच त्यांच्या जिन्यावर चढलो आणि तक्ता टेबलावर आपटला. "बाई, ही कसली थट्टा? माझी मुलगी जाऊन चार वर्षं झाली."

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या मिसेसनी कडी काढून दिली आणि म्हणाल्या, तुमचं चालू द्या, मी गच्चीवरचे कपडे काढते. आत खिडकीपाशी मुलगी उभी होती. मला वाटलं, शाळेतून आली असेल..."

"शेजारची पोरगी शिरली असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "मी तिच्या डोक्यावर पुस्तक ठेवून माप घेतलं, साहेब. पुस्तकाखाली केस दबले. अजून एक. डावा हात पूर्ण वर जात नाही तिचा. कोपरात अडतो. म्हणून तिच्यासाठी खुंट्या उजवीकडे काढल्यात."

पाचव्या वर्षी बुटकी झोक्यावरून पडली होती. प्लास्टर निघालं, पण कोपर काही सरळ झालं नाही. हे आम्हा दोघांना आणि हाडांच्या डॉक्टरला माहीत. शेजारी तर तेव्हा दुसरेच होते.

घरी आलो. बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी तक्ता दिला. तो तिने उभ्याउभ्या वाचला, दोनदा वाचला. मला वाटलं, आता ही कोसळणार. ती कोसळली नाही. तिने उजवा हात समोर धरला, तळवा खाली करून, हवेत. जरा वर घेतला, जरा खाली घेतला आणि एका जागी थांबवला.

"एवढी झाली," ती म्हणाली.

माझी खोड जाते कुठे? मी कपाटातून टेप आणली आणि तिच्या तळव्यापासून जमिनीपर्यंत लावली. चार फूट साडेपाच इंच. जमिनीवर बसून मी ढसाढसा रडलो, त्या वॉर्डातसुद्धा एवढा रडलो नव्हतो. बायकोचा हात तसाच वर होता.

त्या दिवसापासून खोलीची कडी उघडी राहिली. आम्ही दोघं आत जाऊन बसायचो, हाका मारायचो. पलंग, टेबल, खिडकी, एवढंच. आम्हाला कधी काही दिसलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फक्त दुपारी तीनच्या सुमाराला खोलीत खोडरबराचा आणि ओल्या केसांचा वास यायचा, आणि बायको डोळे मिटून तो वास घेत बसायची.

भिंत पाडणं अर्थातच रद्द झालं. बायकोने स्वतः आर्किटेक्ट बाईंकडे जाऊन सांगितलं की आता खोली मुलीच्या मापाने करायची. टेबल तिच्या कोपराएवढं, फडताळ तिचा हात पोहोचेल तिथवर. आणि तुम्हाला सांगतो, माझी बायको बोलायला लागली! टेबलाला कप्पे दोन की तीन ह्यावरून माझ्याशी तासभर भांडली. भांडण संपल्यावर मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण मला हसू आवरत नव्हतं. जुन्या मशीनला तेल घालून तिने तक्त्यातल्या मापाने एक फ्रॉक शिवला, निळा. लोक म्हणतील, मयत मुलीचा फ्रॉक शिवते, डोकं फिरलं. म्हणू देत.

दोन महिन्यांनी सुताराला नकाशे द्यायची वेळ आली. आर्किटेक्ट बाईंचा नियम असा की लहान मुलांची मापं काम सुरू होण्याआधी पुन्हा घ्यायची, पोरं वाढतात म्हणून. त्यांना यायचं नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बायकोने त्यांचा हात धरून आणलं. त्या एकट्या आत गेल्या, दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर खुर्च्यांवर बसलो, ह्याच. भर दुपार होती, रस्त्यावर रहदारी होती, पण मला फक्त आतला आवाज ऐकू येत होता. टेपचा सर्र आवाज. मग बाईंचा, हळू : "टाचा टेकव... हां... मान सरळ... हात वर... एवढाच जातो का? बरं, बरं..." मग बराच वेळ काही नाही. मग टेप खर्रकन आत गेल्याचा.

दार उघडून त्या बाहेर आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. कागद टेबलावर ठेवला. पाच फूट एक इंच.

"दोन महिन्यांत साडेसात इंच?" मी म्हटलं.

"मी वाचलं ते लिहिलं, साहेब."

बायकोला आकड्याचं काही नव्हतं. तिने विचारलं, "दिसते कशी?"

बाई गडबडल्या. "मी... चेहऱ्याकडे फारसं बघत नाही हो. मापं बघते."

"अहो, मी तिची आई! मला दिसत नाही, तुम्हाला दिसते, आणि तुम्ही आकडे बघून आलात?" बायको ओरडली आणि पदरात तोंड लपवून रडायला लागली. आर्किटेक्ट बाई पण रडल्या. मी दोघींच्या मधे टेबलावरचा कागद सरळ करत बसलो, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

निळा फ्रॉक आखूड झाला. बायकोने नवं कापड आणलं.

तिसऱ्या वेळी, महिन्याभराने, आर्किटेक्ट बाईंनी चेहरा बघितला. म्हणाल्या, "कपाळ तुमचं आहे. विचार करताना खालचा ओठ चावते, ते ह्यांच्यासारखं. पाच फूट साडेतीन. कंबरेवर हात ठेवून उभी होती, लवकर आटपा म्हणत असल्यासारखी." बायकोने कितीतरी वेळ ते एकच घोळवलं. संध्याकाळी कापड बेतता बेतता मला विचारते, "काय हो, तिला कोणी आवडलं असेल का? तिथे आहे तरी कोण बोलायला?" मी म्हटलं, "कात्री सांभाळ."

नकाशे पुन्हा नव्याने निघाले. सुतार वैतागला, बाईंनी त्याला काय सांगितलं कोण जाणे. आणि चौथ्या वेळी, तीनच आठवड्यांनी, आकडा खाली आला. पाच फूट दोन. हात वर जायचा तो पाच इंच कमी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पलंगाशेजारी धरायला दांडी हवी. उंबरा नको.'

दांडी कोणाला लागते, हे एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. बायकोच बोलली, अगदी सावकाश. "ती आपल्यापेक्षा मोठी झाली हो."

आम्ही दोघं त्या तक्त्याकडे बघत बसलो. आमच्या सात वर्षांच्या पोरीचं सगळं आयुष्य त्या चार ओळींत होऊन गेलं होतं. तिची शाळा, तिची नोकरी, कोणावर रुसली असेल, कोणाची वाट बघितली असेल, सगळं त्या दाराआड. आम्ही बाहेर खुर्च्यांवर होतो आणि आम्हाला फक्त फूट आणि इंच मिळाले. बायकोने त्या रात्री शिवणाचं मशीन झाकून ठेवलं.

पुढची चूक माझी. बायकोने आता मापं नकोत म्हटलं होतं. पण मला वाटायचं, आता तरी खोली पुरी व्हावी, पलंग पोरीच्या गुडघ्याला नीट यावा, म्हातारपणी तिला उठता-बसता यावं. बायकोला न सांगता मी आर्किटेक्ट बाईंना पाचव्यांदा बोलावलं. त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. हात रिकामे होते. टेप आतच राहिली होती. त्यांच्या हातून टेप कुठे विसरली जाईल, ह्यावर माझा विश्वास बसला नसता.

"उभी राहत नाही," त्या म्हणाल्या. "पडलेलीच आहे. मी पडल्या पडल्या माप घ्यायला वाकले, तर... श्वास फार हळू चाललाय, साहेब. मी नाही घेतलं माप. ह्यापुढे मला बोलावू नका." त्या चपला हातात घेऊनच जिना उतरल्या.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "प्रत्येक मापाला तिची वर्षं जाताहेत," ती म्हणाली. "आणि मापं मागवतं कोण? तुम्ही. आता ह्या घरात कोणी काही मोजायचं नाही. जोवर मोजत नाही तोवर ती आहे. कळलं?"

कळलं होतं. एकोणीस दिवस मी टेपला हात लावला नाही. मनगटावरचं घड्याळसुद्धा काढून ठेवलं. बायको दिवसभर त्या पलंगाशेजारी जमिनीवर बसून असायची. खोलीत आता ओल्या केसांचा वास येत नव्हता. औषधांचा यायचा, वॉर्डात यायचा तसा.

विसाव्या दिवशी दुपारी ती दोरा आणायला म्हणून बाहेर गेली. मी आत गेलो. बाईंची टेप खिडकीत पडली होती. मी ती उचलली, कशासाठी ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. आणि मला आठवला तो आठवा दिवस. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी बुटकीने झोपेत माझ्या शर्टाची बाही धरली होती. बायको डबा आणायला घरी गेली होती आणि मला दोन तासांसाठी बाजारात तपासणीला जायचं होतं. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. म्हटलं, "सोड, बाळा, बाबा आत्ता येतो." चौदा तराजू तपासून परत आलो तेव्हा पलंगावरची चादर बदलत होते.

खिडकीपासून पलंग आठ फुटांवर आहे. मी टेपची पट्टी ओढून काढली आणि पलंगाच्या दिशेने पुढे केली. पोलादी पट्टी सहा-सात फूट सरळ राहते, मग तिचा स्वतःच्या वजनाने कणा मोडतो आणि ती खाली पडते. माझ्याइतकं हे कोणाला ठाऊक? सात फूट झाले. आठ झाले. पट्टी मधे वाकली, थरथरली. मी म्हटलं, "बुटके... टोक धर."

पट्टी ताठ झाली.

पलीकडे काही नव्हतं. चादरीवर वळीसुद्धा नव्हती. पलंगाच्या हातभर वर, हवेत, ते टोक थांबलं होतं, आणि माझ्या हाताला बारीक ओढ लागत होती. कोणीतरी धरलंय, पण फार जोर नाही, अशी ओढ. डोळे इतके भरून आले होते की आकडा दिसला नाही, आणि खरं सांगतो, मी तो बघितलाही नाही. टेपला खटका लावला, डबी खिडकीच्या गजात घट्ट अडकवली आणि म्हटलं, "धरून ठेव हं. ह्या वेळी सोडू नकोस."

बायको आली. दारातून तिने ती हवेत ताणलेली पट्टी बघितली. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही. तिने पिशवी खाली ठेवली, पट्टीला धक्का न लावता पलंगाशी गेली, जमिनीवर बसली आणि आपला उजवा तळवा त्या टोकाखाली धरला. लावला नाही, नुसता खाली धरला.

"हात दुखेल तिचा," ती म्हणाली. "सुटला तर माझ्या हातात पडू दे."

अकरा दिवस ती तशी बसली. मी घास भरवायचो. हात अवघडला की मी माझा हात तिच्या कोपराखाली द्यायचो. तेव्हा मी तिला बाहीचं सांगितलं, चौदा तराजूंचंही. तिने ऐकलं. मग म्हणाली, "पट्टी लावताना तुम्ही तिला काय सांगितलं, ते मी दारातून ऐकलं होतं." एवढंच. माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी इतकं माफ केलेलं नाही.

ते टोक रोज थोडं थोडं खाली येत होतं. किती, ते मी मोजलं नाही. सोड म्हणायला हवं होतं, हे मला समजत होतं. तिलाही समजत असेल. पण दोघांपैकी एकाच्याही तोंडातून तो शब्द निघाला नाही.

परवा दुपारी तीनला टोक तिच्या तळव्याला टेकलं. खटका लावलेला होता, माझ्या हाताने लावलेला, तरी पट्टी खर्रकन डबीत गेली. औषधांचा वास गेला. खोलीत नुसती खोली राहिली. आम्ही दोघं एकमेकांना धरून बसलो. मला वाटलं, संपलं. दुसऱ्यांदाही संपलं, पण ह्या वेळी आम्ही दोघं हजर होतो.

तर असं आहे. बाईंना जरूर काम द्या. नकाशा उत्तम काढतात, शब्दाच्या पक्क्या आहेत, आणि आमच्या घराचं राहिलं ह्यात त्यांचा काडीचा दोष नाही. मापं घ्यायला येतील तेव्हा मात्र सगळ्या खोल्या स्वतः उघडून द्या, आणि त्या काम करत असतील तोवर तिथेच उभे राहा. 

बायकोला बाहेर बोलावलं असतं, पण ती उठत नाही. परवापासून उजवी मूठ मिटलेली आहे. झोपेतसुद्धा उघडत नाही. डाव्या हाताने जेवते, डाव्या हाताने केस विंचरते आणि कोणी मोठ्याने बोललं की "हळू, हळू" म्हणते. मूठ घट्ट नाही. काहीतरी हलकेच धरावं तशी बोटं वळलेली आहेत आणि मधे बरीच पोकळी आहे, बंद खिडकीच्या फटीसमोर आली की त्यातून पलीकडचा उजेड दिसतो. काल ती पेंगत असताना मी माझी करंगळी त्या पोकळीत घालून बघितली. आत काही नाही, मी वाकून नीट बघितलंय. पण करंगळी आत जात नाही.